वाचकांचे प्रश्न : सडा ओसाड नसतो

प्रश्न (एक वाचक, कणकुंबी परिसर) : आमच्या गावाच्या वरच्या अंगाला कातळाचा मोठा सडा आहे. उन्हाळ्यात तेथे हिरवी काडी दिसत नाही. येत्या पावसाळ्यात तेथे दोन हजार रोपे लावण्याचा युवक मंडळाचा विचार असून खड्डे खणण्यासाठी यंत्र मिळण्याचीही सोय झाली आहे. कोणती झाडे लावावीत?

उत्तर : मंडळाची तळमळ पत्रातून दिसते, आणि म्हणूनच स्पष्ट लिहितो : सड्यावर एकही झाड लावू नये. तेथील जांभा खडकावर मातीचा थर बहुतेक ठिकाणी बोटभर खोल असतो, काही ठिकाणी तेवढाही नसतो. झाड नसणे हा त्या जागेचा दोष नव्हे; तिची घडणच तशी आहे, आणि त्या घडणीला सरावलेली वनस्पतींची व प्राण्यांची एक स्वतंत्र वस्ती तेथे नांदते. ती उन्हाळ्यात दिसत नाही एवढेच. बिया आणि कंद मातीच्या त्या पातळ थरात व कातळाच्या भेगांत पावसाची वाट पाहत असतात.

खात्री करून घ्यायची असेल तर भाद्रपदात, पावसाने थोडी उघडीप दिली की, मंडळाच्या सर्वांनी सड्यावर जाऊन गुडघे टेकून पाहावे. उभ्याने पाहिले तर केवळ रंग दिसतो; रोप पाहायचे तर डोळे जमिनीलगत न्यावे लागतात. पाणी साचलेल्या उथळ खळग्यांत गेंद नावाच्या रोपाची पांढरी बोंडे दाटीने उभी असतात आणि त्यांच्यामध्ये ‘सीतेची आसवे’ या रोपाची जांभळी फुले डुलत असतात. या नाजूक रोपाला ओल्या मातीत टाचणीच्या डोक्याएवढ्या, काही वेळा त्याहूनही लहान पिशव्या असतात आणि त्यांत ते सूक्ष्म जीव ओढून घेते. जवळच दवबिंदू नावाची वनस्पती आढळते. तिच्या पानांवरील तांबूस केसांच्या टोकांशी चिकट थेंब असतात. एखादे चिलट त्यांवर टेकले की सुटत नाही. कातळावरील मातीत नत्र व स्फुरद अत्यल्प असल्यामुळे या वनस्पतींनी आपले पोषण कीटकांकडून मिळवण्याची वाट धरली आहे. सुटे दगड उलटून पाहण्याचा मोह मात्र आवरावा, कारण सड्यांवर अशा दगडांच्या ओलाव्यात बेडूक, विंचू, पाली आणि क्वचित देवगांडूळही आश्रयाला असतात. देवगांडूळ दिसायला गांडुळासारखे असले तरी ते बेडकाच्या गणगोतातील, म्हणजे उभयचर आहे.

यंत्राने कातळ फोडला की खळग्यांतील पाणी निघून जाते, आणि अकेशिया किंवा गिरिपुष्पासारखे परके झाड तग धरून वाढलेच तर त्याची सावली व पाचोळा यांखाली ही उन्हाची रोपे टिकत नाहीत. शिवाय सड्यावर पडलेले पाणी भेगांतून मुरते आणि पायथ्याच्या झऱ्यांना येऊन मिळते. मलप्रभेचा उगम आपल्या कणकुंबीतलाच, तेव्हा या पाण्याचे मोल आपणांस वेगळे सांगायला नको.

रोपे लावायचीच असतील तर सड्याच्या खाली, जेथे पूर्वी रान होते आणि आता तुटले आहे, तेथे लावावीत. जांभूळ, हिरडा, ऐन, किंदळ, नाना यांचे बी जवळच्याच रानातून गोळा करावे. दोन हजारांऐवजी दोनशे लावून, त्यांना काट्यांचे कुंपण करून, तीन उन्हाळे वणव्यापासून राखली तर ते काम अधिक टिकेल. बेळगाव जिल्ह्यातील अथणी-चिकोडीकडील वाचकांनीही याच दृष्टीने आपल्या माळाकडे पाहावे. तेथे पाऊस थोडा आणि गवत हेच मुख्य धन असते. लांडगा, खोकड आणि चंडोल यांचे घर ते गवतच आहे. शेजारच्या बागलकोट जिल्ह्यात यडहळ्ळी येथे चिंकाऱ्यासाठी अभयारण्य झाले, तेही अशाच कोरड्या, झुडपी मुलखात.

प्रश्न (एक शिक्षिका, खानापूर) : भीमगड अभयारण्यातील बारापेडे गुहेतील वटवाघळे दुर्मीळ आहेत असे ऐकले. मुलांना ती दाखवता येतील का?

उत्तर : गुहेत नेऊ नये. रॉटनचे वटवाघूळ म्हणून ओळखली जाणारी ही जात 1913 मध्ये याच गुहेतील नमुन्यांवरून शास्त्राला ज्ञात झाली आणि पुढे कित्येक दशके जगात तिचे हे एकच ठिकाण माहीत होते. नंतर मेघालयात व कंबोडियात तिच्या नोंदी झाल्या, तरी बारापेडेचे महत्त्व उणावलेले नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तिचा समावेश आहे. विजेरीचा झोत आणि गलका यांनी विसावलेला थवा उठला की विशेषतः पिल्ले असलेल्या माद्यांचे हाल होतात. हे प्राणी कीटक खातात, माणसाच्या वाटेला जात नाहीत. मुलांना शाळेतच चित्र काढून दाखवावे : तपकिरी अंग, खांद्यांवर फिकट पट्टा, आणि थोबाडावर पुढे झुकलेले मोठे कान. अभयारण्यातील रान पाहायचे असल्यास वन खात्याची रीतसर परवानगी घेऊन, त्यांच्या माणसासोबतच जावे.

प्रश्न (एक शेतकरी, गोकाक तालुका) : हिवाळ्यात धुपदाळच्या पाण्यावर राखी रंगाचे उंच पक्षी थव्याने उतरतात आणि शेतांतही येतात. ते कोणते?

उत्तर : मानेचा पुढचा भाग काळा आणि डोळ्यामागून पांढऱ्या पिसांचा झुबका लोंबत असेल तर ते कांड्या करकोचे होत. मध्य आशियातून हिमालय ओलांडून ते येथे येतात. कापणीनंतर शेतात सांडलेले दाणे ते टिपतात आणि रात्री उथळ पाण्यात उभे राहून विसावतात. धुपदाळचा परिसर ज्यात येतो ते घटप्रभा पक्षी अभयारण्य 1974 पासून त्यांच्या या मुक्कामाला संरक्षण देते. उभ्या पिकात उतरले तर बांधावरून हाकारा देणे पुरेसे आहे. पाण्यावर विसावलेल्या थव्याजवळ मात्र फटाके वाजवू नयेत.