भरलेली बाटली

वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालेली माणसं माझ्याकडे समुपदेशनाला येतात तेव्हा केस गळतात, कातडी लोंबते, नातेवाईक बोलतात, हे सगळं मोकळेपणाने सांगतात. मग निघताना, दाराची कडी हातात धरून, हळूच विचारतात: "ऑपरेशन झाल्यापासून परसाकडचं बिघडलंय. आग होते, रक्त पडतं. हे आता जन्माचंच का?"

गोव्यातल्या डिचोलीकडच्या एका शिक्षिकेने हेच विचारलं होतं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. त्यांना मी बाई म्हणते, शाळेत सगळे तसंच म्हणतात. स्लीव्हचं ऑपरेशन होऊन सात महिने झाले होते. त्यात जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढतात आणि नळीसारखं पोट उरतं. वजन छान उतरलं होतं. पण बाई खुर्चीच्या कडेवर, एका कुल्ल्यावर भार देऊन बसल्या होत्या. पिशवीतून स्टीलची बाटली डोकावत होती. दुपारचे चार वाजले होते आणि बाटली गळ्यापर्यंत भरलेली.

"पाणी प्यायला नाही?"

"शाळेत संडास एकच, मॅडम. त्याची कडी नीट लागत नाही."

तिथून सगळं उलगडलं. पाणी कमी, म्हणून खडा. खडा, म्हणून कुंथणं आणि चीर. काच फिरवल्यासारखं दुखायचं आणि नंतर दोन-दोन तास ठणकायचं. त्या भीतीने बाई वेग आला तरी धरून ठेवायच्या. धरून ठेवलं की मळातलं पाणी आत शोषलं जातं आणि खडा आणखी घट्ट होतो. मग त्यांनी खाणंच कमी केलं. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, मूळ घरी वीसेक माणसं आणि संडास एक. बाईंनी दोन दिवस नुसत्या पेजेवर काढले. खतखत्याला, म्हणजे सणाच्या मिश्र भाजीला, हात लावला नाही. सासूबाई म्हणाल्या, "ऑपरेशन केलंय ना, तिला आता आमचं जेवण चालत नाही." बाई गप्प राहिल्या. ते सांगताना मात्र त्या रडल्या.

रक्ताचं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. फार्मसीतून मूळव्याधीचं मलम आणून गुपचूप लावत होत्या. आपल्याकडे खाली काहीही झालं की मूळव्याधच म्हणतात. पण चिरल्यासारखं दुखणं बहुतेक वेळा फिशरचं, म्हणजे गुदद्वाराशी पडलेल्या चिरेचं असतं, तर मूळव्याधीच्या साध्या कोंबातून सहसा न दुखता रक्त येतं. नक्की काय ते डॉक्टरने पाहिल्याशिवाय कळत नाही. आणि बाईंना पाहूच द्यायचं नव्हतं.

मी डॉक्टर नाही, मलम सुचवणं माझं काम नव्हे. पण ती लाज माझ्याच कामाची होती. आम्ही दोघींनी मिळून तीन वाक्यं कागदावर लिहिली: किती दिवसांनी होतं, कसं होतं, रक्त कधी आणि किती. डॉक्टरांसमोर तोंडातून शब्द फुटला नाही तर कागद पुढे करायचा. बाईंनी "शौचाला त्रास" असं लिहिलं, मी ते खोडून "गुदद्वाराशी चीर, लाल रक्त" असं लिहायला लावलं. आडवळणाने सांगितलं की तपासणीही आडवळणाने होते, हे मी फार वेळा पाहिलंय.

फिशरच निघालं. आवळलेला स्नायू सैल करणारं मलम, मळ मऊ करणारं औषध आणि दिवसातून दोन-तीनदा कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटं बसणं, असं डॉक्टरांनी सांगितलं. लोहाच्या गोळीने खडा होतो म्हणून बाईंनी ती मनानेच बंद केली होती. डॉक्टरांनी प्रकार बदलून ती पुन्हा सुरू केली. ही गोळी आपली आपण सोडू नये, अशा ऑपरेशननंतर अंगातलं रक्त कमी होण्याचा धोका असतो.

बाकीचं घरातलंच होतं. पाणी घोट घोट, दिवसभर मिळून दीड-दोन लिटर, पण जेवताना नाही, जेवणानंतर अर्ध्या तासाने. आधी मासे किंवा अंडं, मग चमचा-दोन चमचे मऊ शिजलेली तांबडी भाजी, म्हणजे लाल माठ. इसबगोल डॉक्टरांना विचारूनच, आणि पाणी पुरेसं पोटात जात असेल तरच. कमोडवर बसताना पायांखाली बुटकं स्टूल. खाणंच कमी झाल्यामुळे रोज होणार नाही. दिवसाआड झालं तरी मऊ होत असेल तर घाबरायचं कारण नाही, हे बाईंना पटायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

वजनासाठीचंच दुसरं ऑपरेशन म्हणजे बायपास, त्यात जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. ते झालेल्या काहींचं उलट असतं. एकाला नेवऱ्या (करंज्या) खाल्ल्या की अर्ध्या तासात घाम, धडधड आणि जुलाब. गोड आणि तेलकट कमी केल्यावर पुष्कळ थांबलं. सारख्या जुलाबांनीही चीर पडते, म्हणून पुसण्यापेक्षा धुवावं आणि टिपून कोरडं करावं. दुखण्यावरच्या गोळ्या बायपासवाल्यांनी मनाने घेऊ नयेत, त्यातल्या काहींनी आतल्या जोडावर अल्सर होऊ शकतो.

लोहाच्या गोळीने मळ काळपट होतो, तो वेगळा. पण डांबरासारखा काळा, चिकट झाला, चक्कर आली, गुदद्वाराशी सूज येऊन ताप भरला किंवा मळ आवरेनासा झाला, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. माझ्याकडे नंतर या.

बाईंची चीर भरायला सात आठवडे लागले. शाळेच्या संडासाला कडी बसवून घेतली, मुख्याध्यापिकेशी त्या स्वतः बोलल्या. नवऱ्यालाही सांगितलं. तो आता दुपारी फोन करून "पाणी प्यालीस?" विचारतो आणि बाईंना वर्गात मुलांसमोर उत्तर द्यावं लागतं. काही सकाळी अजून भीती वाटते, म्हणाल्या. तेव्हा त्या दार आतून लावतात, पाय स्टुलावर ठेवतात आणि घाई करत नाहीत.