गेकोच्या पेटीला दिवा कोणता?

प्रश्न : आम्ही लेस्टरला राहतो. मुलीने क्रेस्टेड गेको (पालीची एक जात) पाळला आहे. पेटी काचेची, ६० सेंटिमीटर उंच, वर जाळीचं झाकण. आत मनी प्लांट, नेचे आणि दोन ब्रोमेलियाड (अननसाच्या कुळातली शोभेची झाडं) आहेत. छोट्या दिव्याखाली मनी प्लांट नुसताच लांब वाढतोय, ब्रोमेलियाडचा लाल रंग उतरलाय. प्रखर दिवा लावला तर रात्री जागणाऱ्या या प्राण्याला त्रास होईल का? दुकानदार रात्रीसाठी लाल बल्बही घ्या म्हणतो.

उत्तर : लाल बल्ब घेऊ नका. रात्र अंधारीच हवी. हेल्मेट गेकोवर २००४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, आपल्याला रंग कळेनासे होतात इतक्या मंद चांदण्यातही त्या जातीला रंग ओळखता आले. या प्राण्यांचे डोळे असे मंद उजेडातही काम करणारे असतात, त्यांना रात्री वेगळा दिवा लागत नाही. माझ्या गेकोच्या डोळ्यात दिवसा पाहिलं तर बाहुलीची उभी, नागमोडी कडांची बारीक चीर दिसते. अंधार पडला की तीच डोळाभर पसरते. क्रेस्टेडला पापण्याही नसतात. म्हणून दिवसाचा उजेड झाडांसाठी भरपूर द्या, पण त्याला लपायला गर्द सावली हवीच.

साधारण ६५०० केल्विनची (दिवसाच्या उजेडासारखी पांढरी), झाकणाच्या पूर्ण रुंदीची एलईडी पट्टी घ्या. एकाच ठिकाणी झोत टाकणारा दिवा नको, त्याने कोपरे काळोखे राहतात. मनी प्लांट मधल्या उंचीवर दाट होऊ द्या, त्याच्या मागे बुचाच्या सालीची पोकळ नळी उभी करा. नेचे तळाशी. ब्रोमेलियाड वर, उजेडाजवळ बांधा. मात्र तो कोणता आहे ते आधी बघा. निओरेगेलिया असेल तर चांगल्या उजेडात नवी पानं रंग धरतील. गुझमानिया असेल, तर तो लाल भाग फुलोऱ्याचा असतो आणि महिन्यांनी ओसरतोच. कुठल्याही दिव्याने परत येणार नाही. बुडाशी पिलं, म्हणजे नवी रोपं, फुटतील, ती जपा.

गेकोला लागणाऱ्या अतिनील किरणांचं काम या पट्टीकडून होत नाही. त्यासाठी कमी ताकदीची, पाच-सहा टक्क्यांची टी-५ (बारीक नळीची) यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरण देणारी, ट्यूब वेगळी, पेटीच्या एकाच बाजूला लावा, म्हणजे गेको हवं तेव्हा जवळ जाईल, नको तेव्हा दूर होईल. जाळी त्यातला बराच भाग अडवते, हे अंतर ठरवताना लक्षात ठेवा. साधारण वर्षाने ट्यूब बदला. उजेड दिसत राहतो, किरण मात्र घटलेले असतात. खिडकीतलं ऊन हा पर्याय नाही. खिडकीची काच यूव्हीबी अडवते, आणि बंद पेटी उन्हात बघता बघता तापते.

न्यू कॅलेडोनियाच्या जंगलातला हा जीव २२ ते २६ अंशांत खूश असतो. २८ च्या वर त्याला सोसत नाही. नवा दिवा लावल्यावर थर्मामीटर सगळ्यात वरच्या फांदीपाशी ठेवा, कारण आधी तिथेच तापतं. सुरुवातीला सहा तास, मग हळूहळू बारा. टायमर नक्की लावा, इंग्लंडच्या हिवाळ्यातल्या आखूड दिवसांवर झाडं सोडू नका.