सहानंतरचं तिकीट: दिवसाच्या जोडीला की दिवसाऐवजी?

पत्र मुलुंडहून आलं आहे. नवरा-बायको दोघंही नोकरीत, मुलगा अकरा वर्षांचा, मुलगी सहाची. बाईंचा भाऊ न्यू जर्सीत असतो. ऑक्टोबरमध्ये मुलांची सहामाही संपली की त्याच्याकडे जायचं आणि मधले तीन दिवस फ्लोरिडातल्या ऑर्लँडोला काढायचे, असा बेत आहे. त्यासाठी साठवलेल्या ९ लाखांतून विमानभाडं, व्हिसाचे माणशी १८५ डॉलर, ऑर्लँडोचं हॉटेल आणि मुलाच्या हट्टापायी केनेडी स्पेस सेंटरची तिकिटं एवढं उरकलं आहे. हातात उरलेत १ लाख २० हजार. त्यात डिस्नेचं मॅजिक किंगडम हे उद्यान, ऑर्लँडोतलं खाणंपिणं आणि टॅक्सी बसवायची आहे.

पेच असा: बाईंना दिवसाच्या तिकिटाशिवाय तिथल्या रात्रीच्या हॅलोविन पार्टीचं (हॅलोविन म्हणजे ३१ ऑक्टोबरचा, भुताखेतांचे वेश करण्याचा सण) वेगळं तिकीटही काढायचं आहे. मिस्टर म्हणतात, एकाच जागेचे दोनदा पैसे कशाला? बाईंनी त्यावर तोडगा काढलाय, मुलीच्या नावाची दरमहा १२ हजारांची एसआयपी पाच महिने थांबवायची. ‘पुन्हा कधी जाणार आहोत?’ असं त्यांनी पत्रात दोनदा लिहिलं आहे, आणि या पार्टीला एवढी मागणी का, असंही विचारलं आहे.

दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, आणि त्यामुळेच उत्तर जरा लांबणार आहे.

आधी ही पार्टी म्हणजे काय ते नीट पाहू. दादरच्या शिवाजी मंदिरात दुपारचा प्रयोग संपला की प्रेक्षागृह रिकामं करून रात्रीच्या प्रयोगाला नव्या तिकिटावर लोक घेतात, तसाच हा प्रकार आहे. पार्टीच्या दिवशी मॅजिक किंगडम दिवसाच्या तिकीटवाल्यांसाठी संध्याकाळी सहाला बंद होतं. सात ते मध्यरात्री बारा या वेळात फक्त मनगटावर पार्टीचा पट्टा असलेली माणसं आत राहतात. त्यांना वेगळी मिरवणूक, वेगळी आतषबाजी, मुलांना वाटेत ठिकठिकाणी वाटलेल्या गोळ्या-चॉकलेटं आणि बहुतेक राइड्सना दिवसापेक्षा बऱ्याच आखूड रांगा मिळतात. एरवी चौदा वर्षांवरच्यांना उद्यानात वेशभूषा करून जाता येत नाही, या रात्री जाता येतं.

युक्ती जुनीच आहे. कॅलिफोर्नियातल्या नॉट्स बेरी फार्म या करमणूक उद्यानाने १९७३ मध्ये हॅलोविनच्या रात्री वेगळ्या तिकिटावर विकायला सुरुवात केली. डिस्नेने फ्लोरिडात १९८३ मध्ये नाताळची पार्टी आणली, १९९५ मध्ये हॅलोविनची. मधल्या काळात, १९९१ मध्ये, शेजारच्या युनिव्हर्सल उद्यानानेही भुताखेतांच्या रात्री सुरू केल्या होत्या. जमीन तीच, पाळणे तेच, कर्मचाऱ्यांची एक जादा पाळी लावली की दुसऱ्यांदा गल्ला भरतो. उद्योग म्हणून मला हे फार हुशारीचं वाटतं.

गर्दीचे आकडे पाहिले की ही हुशारी आणखी कळते. डिस्ने उद्यानवार आकडे स्वतः जाहीर करत नाही, पण थीम्ड एंटरटेनमेंट असोसिएशनच्या अंदाजानुसार मॅजिक किंगडमला २०१९ मध्ये सुमारे २ कोटी ९ लाख लोक आले होते, २०२३ मध्ये १ कोटी ७७ लाख. म्हणजे माणसं कमी झाली. तिकिटं मात्र स्वस्त झाली नाहीत, उलट दर माणशी खर्च वाढत गेला. कारण आता तिथे पाळण्यात बसण्याइतकंच रांगेत उभं न राहणंही विकलं जातं. दिवसा त्याचं नाव लाइटनिंग लेन, रात्री त्याचं नाव पार्टी. ‘पार्टीला एवढी मागणी का?’ या तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. वर मोजक्याच रात्री, ठरावीकच तिकिटं आणि हंगाम साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर एवढाच. ‘पुन्हा कधी?’ हा प्रश्न तुमच्या मनात आपोआप आलेला नाही, तो यावा अशीच सगळी मांडणी आहे. तरीही म्हणून तो प्रश्न खोटा ठरत नाही. अमेरिकेला सहकुटुंब जाणं तुम्हाला दर वर्षी परवडणारं नाही हे खरंच आहे.

आता पैसे. २०२५ च्या हंगामात या पार्टीची सर्वांत स्वस्त रात्र ११९ डॉलरना होती आणि ३१ ऑक्टोबरची रात्र २२९ डॉलरना. तीन ते नऊ वर्षांच्या मुलांना दहा डॉलर कमी. तुमचा मुलगा अकराचा, म्हणजे तिथल्या हिशेबात तो मोठा माणूस. ऑक्टोबरच्या मधल्या एखाद्या रात्रीचे १९० डॉलर आणि डॉलरचे ९० रुपये धरू. तीन मोठे, एक लहान मिळून ७५० डॉलर. जाहिरातीतल्या दरात विक्रीकर नसतो, तो तिथे साडेसहा टक्के. सगळं मिळून साधारण ७२ हजार रुपये. दिवसाचं तिकीटही तारखेप्रमाणे बदलतं. मोठ्यांचे १७० आणि मुलीचे १६५ डॉलर धरले तर करासह साधारण ६५ हजार. दोन्ही घेतली तर १ लाख ३६ हजारांच्या पुढे. तुमच्याकडे आहेत १ लाख २० हजार, आणि त्यातच जेवायचंही आहे.

तुमच्या घरातला वाद ‘पार्टी की नाही’ असा चालला आहे. मला त्यात तिसरी वाट दिसते. पार्टीच्या तिकिटावर संध्याकाळी चारपासूनच आत सोडतात. म्हणजे चार ते बारा, आठ तास. पार्टीच्या दिवशी दिवसाच्या तिकिटावर सकाळी नऊ ते सहा, नऊ तास मिळतात आणि रात्रीची आतषबाजी बुडते. हे आठ तास त्या नऊ तासांपेक्षा ७ हजारांनी महाग आहेत. पण दिवसा रांगा टाळायच्या म्हणून लाइटनिंग लेन घेतली तर माणशी पंचवीस-तीस डॉलर सहज जातात. चौघांचे मिळून १० हजारांच्या आसपास. तेवढे घातले तर दिवसच महाग पडतो.

म्हणून माझं मत असं: पार्टीचं तिकीट काढा, आणि दिवसाचं काढूच नका.

यावर बाई म्हणतील, मग सकाळ वाया जाणार. जाऊ दे. त्या सकाळी मुलांना हॉटेलच्या पोहण्याच्या तलावात सोडा, दुपारी जेवून तासभर झोपवा आणि साडेतीनला निघा. दोन्ही तिकिटं काढून सकाळी नऊला आत गेलात तर सहा वर्षांची पोर पंधरा तास चालणार आहे का? ती संध्याकाळी सातला, म्हणजे तुमचे महागाचे तास सुरू होताना, कुणाच्या तरी खांद्यावर झोपलेली असेल. दुसऱ्या तिकिटाला माझा विरोध आहे तो यासाठी.

एसआयपीबद्दल उगाच घाबरवत नाही. पाच हप्ते म्हणजे ६० हजार. ते बारा वर्षं गुंतून राहिले आणि वर्षाला १० टक्के मिळाले, ज्याची हमी कोणी देत नाही, तर मुलगी अठराची होईल तेव्हा साधारण १ लाख ८८ हजार होतील. तेवढ्याने तिचं शिक्षण अडणार नाही. एखादी खरोखर मोलाची गोष्ट समोर असती तर ‘थांबवा पाच महिने’ असं मीच लिहिलं असतं. पण इथे त्या ६० हजारांतून तुम्ही विकत घेणार आहात ते दमलेल्या मुलांचे जादा तास.

आता मिस्टरांच्या बाजूने एक गोष्ट, कारण त्यांचा पर्यायही टाकाऊ नाही. पार्टी ज्या दिवशी असते त्या दिवशी दिवसाची गर्दी बहुधा कमी असते. सहाला बाहेर काढतात, आतषबाजी दिसत नाही, म्हणून बरेच लोक तो दिवस टाळतात. तुमच्या मुलांना रात्र झेपत नसेल तर नेमका तोच दिवस धरून दिवसाचं तिकीट काढा, लाइटनिंग लेन नको, आणि सहाला बाहेर पडा.

झेपते की नाही हे ठरवायला तज्ज्ञाची गरज नाही. गणपतीत तुम्ही लालबाग-परळचे गणपती बघायला रात्री बाहेर पडला असाल. मुलगी किती वाजेपर्यंत स्वतःच्या पायांनी चालली? अकरा म्हणत असाल तर पार्टी. साडेनऊलाच ‘उचलून घे’ सुरू झालं असेल तर दिवस. वेळेच्या फरकाची फार काळजी नको, कारण न्यू जर्सी आणि ऑर्लँडोचं घड्याळ एकच आणि भावाकडे काही दिवस राहूनच तुम्ही पुढे जाताय.

उंचीही मोजून घ्या. स्पेस माउंटन या राइडला ४४ इंच लागतात, ट्रॉन या राइडला ४८. मुलगी पहिल्याला बसेल की नाही हे अगदी काठावर असेल, दुसऱ्याला बहुधा नाही. म्हणजे आखूड रांगांचा खरा फायदा मुलाला आणि त्याच्याबरोबर जाणाऱ्याला, आणि मुलीला गोळ्या गोळा करण्यात जास्त गंमत. रात्री आठनंतर दोघं दोघं अशी फाळणी करा. फक्त बाप-लेकाचीच तिकिटं काढायची, हा विचार मनात आला असेल तर तो सोडा. साधारण ३५ हजार वाचतील, पण आयुष्यभर ऐकून घ्यावं लागेल.

रात्र निवडताना ३१ ऑक्टोबर आणि शनिवार-रविवार टाळा. त्याच मिरवणुकीला ३१ तारखेला तुम्हाला सुमारे १५ हजार जास्त पडतील आणि गर्दीही जास्त मिळेल. पार्टी रोज नसते, तेव्हा तुमच्या तीन दिवसांत ती कधी येते ते आधी कॅलेंडरवर पाहा आणि मग स्पेस सेंटरचा दिवस हलवता येतो का बघा. ऑर्लँडोत पोचाल त्या दिवसाची पार्टी घेऊ नका. चारला आत जाता येतं म्हणून ती मोहात पाडते, पण तिकीट त्या तारखेपुरतंच असतं आणि परत घेत नाहीत. न्यू जर्सीतल्या नेवार्कहून विमान चार तास उशिरा निघालं की ७२ हजारांवर पाणी. पोचल्याच्या दुसऱ्या दिवसाची घ्या. पाऊस आला तरी पार्टी होतेच, रेनकोट इथूनच न्या. मोठं वादळ आलं तर गोष्ट वेगळी. ऑक्टोबर २०२४ मध्ये मिल्टन वादळामुळे उद्यानं बंद ठेवावी लागली होती.

पैसे भरताना एक गळती असते. आपल्या बऱ्याच क्रेडिट कार्डांवर परकीय चलनाचा साडेतीन टक्के मार्कअप आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ४.१३ टक्के. ७२ हजारांवर जवळपास तीन हजार. शून्य मार्कअपचं कार्ड किंवा डॉलर भरलेलं फॉरेक्स कार्ड वापरा. भावाने भाचरांना भेट म्हणून तिकिटं काढली तर आनंदाने घ्या. पण ‘तू तिथे डॉलर भर, मी इथे आईच्या खात्यात रुपये टाकते’ हा घरोघरी चालणारा परस्पर व्यवहार फेमाच्या, म्हणजे परकीय चलन कायद्याच्या, नियमांत बसत नाही. रक्कम लहान असली तरी मी तो सुचवणार नाही.

पार्टीचे ७२ हजार गेले की ४८ हजार उरतात. त्यात तीन दिवसांचं खाणं आणि टॅक्सी भागेल, हात आखडता ठेवलात तर. डिस्नेच्या उद्यानांत बाहेरचं खाणं नेऊ देतात, फक्त काच आणि दारू चालत नाही. वहिनींकडून दशम्या आणि बटाट्याची कोरडी भाजी बांधून घ्या. आत चौघांचं एक साधं जेवण पाच-सहा हजारांच्या खाली जात नाही. मध्यरात्री सगळे एकदम बाहेर पडतात तेव्हा टॅक्सीचा दर चढलेला असतो, तो धरून चाला. मिरवणूक रात्रीतून दोनदा निघते, त्यातली दुसरी बघायला थांबलात तर नक्कीच.

तुमच्या पत्रातल्या खर्चाच्या यादीत प्रवास विमा मला कुठे दिसला नाही. राहून गेला असेल तर चौघांचा विमा या ४८ हजारांतूनच आधी काढा. अमेरिकेत मुलाचा हात मोडला तर इमर्जन्सीचं बिल तुमच्या सगळ्या सहलीच्या खर्चाइतकं येऊ शकतं. विम्याचे पैसे भरल्यावर जेवणाला फारच कमी उरत असतील, तर मिस्टरांचा पर्याय घ्या. सात हजार तिथेच सुटतील.