पावसाळ्यात पिस्तूल गंजतंय? तेल वाढवू नका, आधी खार काढा

वेंगुर्ल्याहून विचारलंय की वडिलांचं लायसन्सचं .३२ बोअर पिस्तूल आहे, दर पंधरा दिवसांनी खोबरेल लावूनही स्लाइडवर (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) तांबूस ठिपके येतायत आणि स्लाइड सोडली की अडकत अडकत पुढे जाते, तर दुसरं कुठलं तेल लावू. माझं म्हणणं असं की तेल कमी पडत नाहीये, जास्त होतंय, आणि ते खाऱ्या ओलाव्यावरच बसतंय.

खोबरेल आजपासून बंद. पंचवीस डिग्रीच्या आसपास ते थिजायला लागतं, डिसेंबरच्या सकाळी बाटलीत बघा ना, तेच स्लाइडच्या खाचेत होतं, वर काजळी मिसळली की गोंद.

लायसन्स वडिलांच्या नावावर आहे तर हत्यार त्यांनीच उघडायचं, तुम्ही शेजारी बसा. आधी मॅगझिन (गोळ्या भरायची पेटी) काढायचं, मगच स्लाइड मागे. हा क्रम उलटा झाला तर चेंबरमधली (नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते त्या जागेतली) गोळी बाहेर पडते आणि मॅगझिनमधली दुसरी आत जाते, आणि माणूस समजतो रिकामं झालं. स्लाइड मागे अडकवून चेंबरमध्ये उजेडात बघा, करंगळी घालून चाचपा. काही मॉडेलमध्ये खोलण्याआधी ट्रिगर दाबावा लागतो, म्हणून हे दोनदा करायचं, आणि काडतुसं त्या खोलीतच नकोत. पुढे कसं खोलायचं ते मॅन्युअल बघूनच, प्रत्येकाचं वेगळं असतं, आणि स्प्रिंग सुटून डोळ्याकडे येते तेव्हा चष्मा हवाच.

नळी सुटी निघत असेल तर ब्रश चेंबरच्या बाजूने घालायचा. बऱ्याच .३२ मध्ये नळी फ्रेमला पक्की असते, मग पुढूनच घालावा लागतो, तेव्हा रॉड तोंडाच्या कडेला घासू देऊ नका, ती कड झिजली की नेम गेला. सॉल्व्हंट (काजळी विरघळवणारं द्रव) लावून ब्रश, मग चिंध्या. फौजेत आम्ही फुलथ्रू (नळीतून चिंधी ओढायची दोरी) ओढायचो तेव्हा उस्ताद शेवटची चिंधी बघायला मागायचे, पांढरी आली तर उठायचं. जुन्या सुती बनियनची चिंधी उत्तम. मग सगळे भाग कोरडे पुसा, घामाचा हात लागला तिथे परत पुसा, घामातही मीठच असतं.

आता तेल. चांगलं गन ऑइल, स्लाइड ज्यावर सरकते त्या दोन्ही रेल्सवर एकेक थेंब, स्लाइड नळीवर घासून चमकते तिथे बोटाने पुसट हात, बाहेरून तेलाच्या फडक्याने पुसायचं, बस्स. डब्ल्यूडी-४० पाणी हटवायला ठीक, पण पावसाळाभर त्याच्या भरवशावर ठेवू नका. मॅगझिन आतून कोरडं, काडतुसांना तेल अजिबात नाही, प्रायमरमध्ये, म्हणजे काडतुसाच्या बुडाच्या ठिणगी देणाऱ्या टोपीत, मुरलं तर गोळी उडत नाही. फायरिंग पिनचं, म्हणजे त्या टोपीवर आपटणाऱ्या खिळ्याचं, भोकही कोरडंच. ही चूक मी स्वतः केलीय. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीला हत्यार पोलिसांकडे जमा होतं, आमच्याकडे मतदान ७ मेला, निकाल ४ जूनला, हातात आलं तेव्हा मृग लागलेला. घाबरून मी सगळीकडे तेल ओतलं. ऑक्टोबरात रेंजवर नेलं तर पहिलीच गोळी फुसकी, पिनच्या भोकात काळा लगदा.

चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवत असाल तर ते आधी बंद करा, चामडं ओलावा धरून ठेवतं, तुमचे ठिपके बहुतेक तिथूनच आलेत. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून कुलपात ठेवा, पुड्या महिन्याने बदला, आणि जून ते सप्टेंबर दर आठवड्याला उघडून फडकं मारा.

ठिपक्यांवर तेल लावून तासभर ठेवा आणि जाड सुती कापडाने चोळा. पॉलिश पेपर नको, ब्लूइंग (पोलादावरचा निळा-काळा संरक्षक थर) निघतं आणि चुकून नंबर पुसट झाला तर आर्म्स अ‍ॅक्टचं लफडं. खाली खड्डे दिसले तर घासत बसू नका, लायसन्सवाल्या गनस्मिथकडे वडिलांनीच न्यायचं, लायसन्स बरोबर घेऊन.