आग दिसायच्या आधी ठरव

बाय,

समोरच्या डोंगराला आग, आजी घर सोडायला तयार नाही, काजूचा हंगाम ऐन भरात. निघू की राहू, असं तू विचारतेस. आग लागलेल्या दिवशी याचं उत्तर कुणालाच धड सुचत नाही. ते आधी ठरव. आजच, आजीला समोर बसवून.

ठरवायचं म्हणजे खूण ठरवायची. आग चढावर धावते. ज्वाळांची धग वरचं गवत आधीच सुकवून ठेवते, म्हणून चढ दहा अंशांनी वाढला की वेग साधारण दुप्पट होतो. तुमचं घर चढाच्या माथ्यावर, तेव्हा आग खालच्या व्हाळापाशी, म्हणजे ओढ्यापाशी, आली ही तुमची खूण. त्यानंतर चर्चा नाही. ‘अजून लांब आहे’ हे वाक्य त्या दिवशी घरात कुणी उच्चारायचं नाही. दुपारी समुद्राकडचा वारा सुटला की सकाळची आळसट आग वेगळीच होते, म्हणून खूण सकाळी दिसली तर दुपारची वाट बघायची नाही.

मार्च २०२३ मध्ये गोव्यात म्हादईच्या रानात आगी लागल्या तेव्हा नौदलाची, हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाणी ओतत होती. हेलिकॉप्टर डोंगरावरची आग दाबेल, पण तुझ्या गोठ्यामागचा पाचोळा कोण झाडणार?

घरं बहुधा ठिणगीने पेटतात. मंगळुरी कौलांच्या सांध्यात, पन्हाळीत पाला साचलेला असतो. वाऱ्याने उडालेला निखारा तिथे बसतो, आतली रीप धुमसते, मग वासा. बाहेरून बराच वेळ काही दिसतच नाही. शिडी लाव, पन्हाळी मोकळी कर, फुटकं कौल बदल. भिंतीपासून पाच फुटांत झावळ्या, सरपण, गवताची गंजी नको. बागायतीच्या कडेने तीन मीटर रुंद जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा मोकळा पट्टा, काढ, तीही खालची माती उघडी पडेपर्यंत. वरवर पाला सारलास तर कुजक्या थरातून आग सरकत पलीकडे जाते. आणि हा पाला जाळून साफ करू नको. कितीदा सांगू! काजू वेचायला जमीन मोकळी व्हावी म्हणून लावलेली काडीच रानात शिरते.

निघताना गुरांची दावी सोड, ती बाहेर पडली की रिकाम्या गोठ्याचं दार बंद कर, नाहीतर घाबरलेलं जनावर परत आत शिरतं. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद कर. अंगात सुती कपडे घाल. नायलॉन वितळून कातडीला चिकटतं. ओल्या रुमालाने धुरातले बारीक कण अडत नाहीत, एन९५ मास्क घे. पिशवीत आजीची सात दिवसांची औषधं, जमिनीचा एक-चौदाचा उतारा, आधार, टॉर्च.

या घाईला लोक भित्रेपणा म्हणतात. म्हणू देत. मीही पूर्वी ‘बघू’ म्हणत असे, त्याची रुखरुख अजून जात नाही. काजूचं झाड पुन्हा लावता येतं, माणूस नाही, म्हणून मी निघण्याचा हट्ट धरतो.

आजीला ‘घर सोड’ म्हणू नको. तिला विचार, खूण कुठली धरूया? व्हाळ, की त्याखालचा तो मोठा माड? तिने ठरवलेली खूण ती मोडणार नाही. मग पिशवी भरून दाराशी ठेव आणि दारामागे खडूने ११२ हा मदतीचा नंबर लिही.

परतल्यावर तीन दिवस बुंध्यांजवळ हाताची पालथी बाजू धरून धग लागते का बघ. मुळं आतून जळत असतात, आणि उभं जळकं झाड वारा नसतानाही कोसळतं.