मार्बल माउंटन्सला पहिल्यांदा जाताय?

व्हिएतनाममधल्या दा नांग शहराच्या सहलीत याला तासभर नको, अर्धा दिवस द्या. पाच टेकड्यांना पंचतत्त्वांची नावं आहेत, पण आपली पंचमहाभूतं नव्हेत. इथे धातू आणि लाकूडही येतं. चढायची ती थुय सोन, पाण्याची टेकडी. वर जायला लिफ्ट चालेल, उतरताना मात्र ताम थाय पॅगोड्याकडच्या पायऱ्याच घ्या. ह्युएन खोंग गुहा दुपारच्या सुमारास गाठा. छतातल्या भोकांतून उन्हाचे झोत उतरतात. मी तिथे कितीतरी वेळ नुसता उभा होतो. दगड घसरडे आहेत, पकड असलेले बूट घाला. खांदे-गुडघे झाकलेले हवेत. ड्रॅगनच्या अंड्याच्या कवचाचे पाच तुकडे म्हणजे या टेकड्या, ही दंतकथा मुलांना आधीच सांगा. आम फू या नरकाच्या गुहेचं तिकीट वेगळं असतं. फार लहान मुलांना तिथे नेऊ नका.