मिनीडीव्ही कॅमेरा यूएसबीने लॅपटॉपला जोडला, पण टेपवरचं लग्न दिसतच नाही. काय करू?

तुमच्या प्रश्नातलं पहिलंच वाक्य वाचून हसू आलं, कारण मीही याच दारावर डोकं आपटून आलोय. कॅमेरा यूएसबीने लावायचा, 'टिंग' असा आवाज यायचा, ड्राइव्ह उघडायची आणि आत लग्नाऐवजी मेमरी कार्डवरचे अकरा धुरकट फोटो. तुम्ही केबल बदललीत, ड्रायव्हर शोधलात, विंडोज ११ पुन्हा टाकायच्या बेतात आहात. थांबा. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

त्या काळच्या बहुतेक मिनीडीव्ही (म्हणजे छोट्या डिजिटल टेपवर रेकॉर्ड करणाऱ्या) कॅमेऱ्यांना यूएसबी दिलेलं असायचं ते कार्डवरच्या फोटोंसाठी, फार तर वेबकॅमसारखं बारीकसं चित्र दाखवायला. टेपवरचा खरा माल वेगळ्या खाचेतून बाहेर पडतो. कॅमेऱ्याच्या कडेची रबरी झाकणं उघडून पाहा, एकाखाली 'डीव्ही' किंवा 'आय.लिंक' असं लिहिलेलं सापडेल. हेच फायरवायर, म्हणजे आयईईई १३९४. कॅमेऱ्याच्या बाजूला चार पिना, डेस्कटॉपच्या बाजूला बहुधा सहा.

इथे माझे पैसे गेले ते सांगतो. ऑनलाइन एक स्वस्त केबल मिळते, एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला फायरवायर. मी ती मोठ्या आनंदाने मागवली. दोन्हीकडे व्यवस्थित बसली आणि काहीही झालं नाही. फायरवायरवर दोन्ही उपकरणं बरोबरीच्या नात्याने बोलतात. यूएसबीत संगणक मालक, बाकीचे हुकमाचे ताबेदार. दोघांची बोलीच वेगळी, त्यामुळे मध्ये दुभाष्याचं काम करणारी चिप लागते, आणि त्या केबलमध्ये निव्वळ तांब्याची तार असते. त्या वाटेला जाऊ नका.

तुमच्या नव्या लॅपटॉपला फायरवायर नसणार आणि आत कार्ड बसवायला जागाही नाही. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे एखादा डेस्कटॉप गाठा आणि त्यात पीसीआय एक्स्प्रेस फायरवायर कार्ड टाका. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची किंवा व्हीआयएची चिप असलेलं बघा. मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोडवर विचारून या. त्याआधी नातेवाइकांचे माळे धुंडाळा. २०१० च्या आसपासच्या बऱ्याच लॅपटॉपना चार पिनांची ही खाच असायची आणि तो लॅपटॉप विंडोज ७ वर चालू असेल तर निम्मं काम झालं. मॅकवाल्यांना थंडरबोल्टचे अडॅप्टर एकापुढे एक लावून जमतं, पण मॅकओएसच्या टाहो या आवृत्तीपासून ॲपलने फायरवायरच काढून टाकलंय, तेव्हा जुनी आवृत्ती लागेल.

कार्ड बसलं आणि तरीही कॅमेरा दिसेना, तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये (जोडलेल्या उपकरणांच्या यादीत) १३९४ होस्ट कंट्रोलरवर जाऊन ड्रायव्हर बदला. 'ओएचसीआय कंप्लायंट' या नावापुढे कंसात 'लेगसी' लिहिलेला तो निवडायचा. विंडोज ७ मध्ये तो यादीत आधीच असतो. नंतरच्या विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टने वेगळा डाउनलोड म्हणून दिला होता. माझी गाडी विंडोज १० वर इथेच अडली होती. हा ड्रायव्हर टाकला आणि पाच मिनिटांत कॅमेऱ्याचं नाव झळकलं.

जोडताना दोन्ही बंद ठेवा. सहा पिनांच्या टोकात वीज असते आणि ते उलटं घुसवलं तर कॅमेऱ्याचा पोर्ट जळू शकतो. मग कॅमेरा बॅटरीवर न ठेवता चार्जरवर लावा आणि बटण 'कॅमेरा' वर नको, 'प्ले' किंवा 'व्हीसीआर' वर. हे शेवटचं बारीक वाटतं, पण निम्म्या लोकांचं घोडं इथेच पेंड खातं.

उतरवून घ्यायला विनडीव्ही नावाचं छोटंसं फुकट सॉफ्टवेअर पुरतं. टेपवर प्रत्येक चित्राबरोबर तारीख-वेळही नोंदलेली असते. विनडीव्ही ती वाचून हळद, लग्न, वरात अशा वेगवेगळ्या फाइली आपोआप पाडतं. तासाभराच्या टेपला तासभरच लागतो, घाई चालत नाही, आणि जागा लागते साधारण १३ जीबी. माझी पहिली टेप दर वेळी वीसेक मिनिटांवर तुटायची. मी कॅमेऱ्याला शिव्या घालत होतो, दोष निघाला हार्ड डिस्कचा. ती फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली होती आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावतच नाही. ती एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट करून घ्या.

आता टेपविषयी, आणि हे मशीनपेक्षा महत्त्वाचं. आधी कॅसेटच्या कडेचं सरकबटण 'सेव्ह' कडे ढकला, म्हणजे चुकून वरून रेकॉर्ड होणार नाही. मग कॅसेटच्या खिडकीतून टेप उजेडात नीट पाहा. आपल्याकडचे पावसाळे सोसलेल्या टेपवर पांढरट डाग, जाळी दिसली तर ती बुरशी. ती टेप कॅमेऱ्यात अजिबात घालू नका, हेडला (टेप वाचणाऱ्या भागाला) लागेल आणि पुढच्या चांगल्या टेपाही खराब करेल. ती जाणकाराकडेच द्या. स्वच्छ टेप असेल तर एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळून घ्या, वर्षानुवर्षांचा चिकटपणा सुटतो. चित्रात चौकोन चौकोन फुटत असतील तर कोरडी क्लीनिंग कॅसेट दहा सेकंद फिरवा, त्याहून जास्त नाही.

डेस्कटॉप मिळालाच नाही तर पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांची एव्ही केबल आणि यूएसबी कॅप्चर स्टिक हा नाइलाजाचा उपाय आहे. चित्र थोडं मऊ पडतं, तारखाही जातात, पण लग्न दिसतं. कॅमेऱ्याबरोबर आलेली मूळ केबल हरवली असेल आणि बाजारातल्या केबलने नुसता गुरगुराट येत असेल, तर कॅप्चर स्टिकच्या पिवळ्या भोकात लाल पिन घालून पाहा. कंपन्यांनी केबलच्या कॅमेऱ्याकडच्या बारीक पिनेतल्या जोडण्यांचा क्रम आपापल्या मर्जीने ठेवलाय. आणि सॉफ्टवेअरमध्ये पाल (आपल्याकडची टीव्हीची पद्धत) निवडा, अमेरिकेतली एनटीएससी नको, नाहीतर चित्र काळंपांढरं येईल किंवा गडगडत राहील.